खिशातला अंगठा

“...म्हणजे माझं मशीन खोटं बोलतं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“मी कुठं काय म्हटलं?” उस्ताद म्हणाले.

“मग काहीतरी बोला की. मघापासून मी एकटीच बडबडतेय.”

“बडबडायलाच आलीस तू. हो मोकळी.”

केतकी मगदूम गप्प झाली. गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. पण आज पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन ती नुसती कडी उघडझाप करत होती.

इचलकरंजीत, मागांच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या शेडमध्ये उस्ताद बाबालाल जमादारांची नेमबाजीची रेंज होती. दहा मीटरची, एअर पिस्तुलाची. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग मात्र अजून चालू होते आणि त्यांचा खडखडाट भिंतीतून आरपार येई. नवीन पोरं विचारत, उस्ताद, एवढ्या गोंगाटात नेम धरायचा कसा? उस्ताद म्हणत, नका धरू मग. निम्मी पोरं तिथूनच परत जात आणि उस्तादांना त्याचं काही सोयरसुतक नसे.

उस्ताद फौजेत असताना फौजेच्या संघातून खेळलेले होते. आता शिष्य मोजके, आणि बोलणं शिष्यांहून मोजकं.

केतकी हुपरीची. वडील चांदीचे पैंजण घडवणारे. ही पोर शाळेत असल्यापासून उस्तादांकडे येत होती, पिस्तूल धरायला इथेच शिकली होती. वर्षापूर्वी मामानं दुबईहून नेमबाजीच्या सरावाचा हेडसेट, ते मशीन, आणून दिला आणि केतकी उस्तादांना सांगायला आली.

“आता रोज हुपरीहून इथवर यायची गरज नाही उस्ताद. घरातच रेंज झाली.”

उस्ताद म्हणाले होते, “बरं.”

एवढंच. रागावले नाहीत, थांबवलं नाही. ते ‘बरं’ तिच्या कानात वर्षभर राहिलं होतं.

मशीन होतं मात्र झकास. डोळ्यांवर चढवलं की समोर अख्खी रेंज उभी राही. शेजारी दुसरे नेमबाज, मागे प्रेक्षक, वर दिव्यांच्या रांगा. पिस्तूल आपलंच, फक्त नळीखाली बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवायचा. छर्रा भरायचा नाही. चाप ओढला की गोळी कुठे लागली ते दिसे, हात कसा हलला त्याची रेघसुद्धा दिसे. डाव्या हातात एक छोटा रिमोट. वडिलांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत रोज सराव चाले. एका नेमाला दहा, अशा साठ नेमांच्या सहाशेपैकी पाचशे ऐंशी गुण तर केतकी सहज घेई. त्या खोलीत ती महाराष्ट्राच्या संघात केव्हाच जाऊन बसली होती.

खऱ्या रेंजवर मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला होता.

हात वर जाई. नेम जुळे. बोट चापावर येई... आणि चाप काही ओढला जाईना. हात खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत वेळ संपल्याची शिट्टी झाली, तेव्हा केतकीच्या डबीत न मारलेले छर्रे तसेच पडून होते. वाईट नेम लागून हरणारे पुष्कळ असतात. न मारताच हरलेली ती एकटी. लोकांनी तिची समजूत घातली आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

आणि येत्या रविवारी पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. या खेपेला नाव आलं नाही तर पिस्तूल माळ्यावर आणि केतकी सांगलीला फार्मसीच्या वर्गात, असं घरात ठरलं होतं. ठरवलं वडिलांनी, पण तोऱ्यात मान डोलावली होती हिनेच. मशीनवरचे आकडे बघून.

आज गुरुवार होता.

“उस्ताद, मला काय झालंय?”

“मार. बघू.”

केतकी उठली. जागेवर उभी राहिली. पिस्तूल धरणारा एकाच हातानं मारतो. दुसरा हात लोंबकळत राहिला तर खांदा ओढतो, म्हणून तो खिशात घालायचा. हे तिला उस्तादांनीच शिकवलेलं. तिनं डावा हात पँटच्या खिशात घातला आणि छर्रा भरलेलं पिस्तूल उचललं.

वर. खाली.

वर. खाली.

भिंतीपलीकडे माग खडखडत होते. केतकीच्या कपाळावर घाम आला. चौथ्या खेपेला तिनं जिवावर उदार होऊन चाप ओढला. आठ.

नंतर नऊ. मग पुन्हा दोनदा हात खाली. मग सात.

तिनं वळून पाहिलं. उस्तादांनी खुर्ची तिच्या डाव्या अंगाला ओढून घेतली होती. निशाणाकडे त्यांची पाठच होती म्हणा ना.

“तुम्ही बघताय कुठं? निशाण तिकडं आहे!”

“असू दे तिकडं.”

“हात इकडं आहे माझा. उजवा.”

“मला दिसतंय ग.”

ते उठले आणि शेडच्या मागच्या दारातून घरात बायकोकडे गेले. रेंज आणि घर यांच्यात एक पडदाच काय तो होता, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येई.

“हमीदा, कणकेचा एक गोळा दे.”

“आता तिथं चपात्या लाटणार व्हय तुम्ही?”

“दे ग.”

“जेवताना एक कमी पडली तर मला सांगायचं न्हाई.”

उस्ताद बाहेर आले. हातात लिंबाएवढा कणकेचा गोळा. तो त्यांनी केतकीसमोर धरला.

“डाव्या हातात घे. हात खिशात. दाबायचा नाही, नुसता धरायचा.”

केतकीचा चेहरा उतरला. तीन दिवसांवर चाचणी आली, जीव टांगणीला लागलाय, आणि हा माणूस कणीक देतोय! वर्षभर आली नाही त्याचं उट्टं असं काढतायत की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

“यानं काय होणार?”

“काही न्हाई. मार दहा.”

तिनं गोळा धरला. हात खिशात घातला. दहा छर्रे मारायला तिला इतका वेळ लागला की पलीकडचे माग जेवणाच्या सुट्टीला बंद झाले. शेड एकदम शांत झाली.

दहावा गेला. पिस्तूल ठेवून तिनं हात बाहेर काढला.

“दाखव.”

तिनं मूठ उघडली.

गोळ्याचा गोळा राहिला नव्हता. एका बाजूनं खड्डा पडला होता. खोल, गुळगुळीत, पुन्हा पुन्हा त्याच जागी दाबल्यावर पडतो तसा.

“दाबू नको म्हटलं होतं,” उस्ताद म्हणाले.

“नाही दाबला मी.”

“हमीदानं दाबला असंल मग.”

“खरंच नाही दाबला उस्ताद! शपथ...”

बोलता बोलता तिनं डावा अंगठा त्या खड्ड्यात ठेवला.

बरोब्बर बसला.

...

तिनं अंगठा काढला आणि पुन्हा बसवून पाहिला.

“आता अजून एक मार,” उस्ताद म्हणाले. “निशाणाचं सोड. खिशात काय चाललंय तेवढं बघ.”

तिनं कणीक पुन्हा मुठीत धरली. पिस्तूल उचललं. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती खूण, काळ्या गोलाखाली आली, थोडी डावीकडे सरकली...

आणि अंगठा दाबला गेला.

चाप अजून ओढायचा होता. गोळी अजून नळीत होती. अंगठ्यानं मात्र आपलं काम आधीच उरकून टाकलं होतं.

हात आपोआप खाली आला. आपल्याच खिशात दुसरंच कुणीतरी राहतंय आणि ते आपल्याला न विचारता आपला खेळ बंद करतंय, असं तिला वाटलं. ती बाकावर बसली.

“रिमोट...” ती हळूच म्हणाली.

उस्तादांनी खुर्ची जवळ ओढली.

“मशीनचा रिमोट याच हातात असतो. अंगठ्याखाली एक बटण आहे. ‘पुन्हा’ म्हणून. वाईट गेला की दाबायचं. तो छर्रा पुसला जातो, परत मारता येतो.”

“सगळे पुसतीस?”

“नाही हो! आधी फक्त सातच्या खालचे पुसत होते.”

“आधी.”

“मग आठ...”

“आणि मग?”

“आता कधीकधी नऊपण.” तिनं मान खाली घातली. “चुकीची सवय हाताला लागू नये म्हणून. चांगलेच तेवढे डोक्यात राहावेत, असं मला वाटायचं. त्यात काय वाईट होतं?”

“आणि ते पाचशे ऐंशी?”

“ते... राहिलेल्यांचे.”

खरं तर हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पण एखादी गोष्ट आपण मनातल्या मनात जाणणं वेगळं आणि तीच कुणाच्या समोर तोंडानं उच्चारणं वेगळं. केतकीचे कान लाल झाले.

“टाकून देते ते मशीन,” ती तिरीमिरीत म्हणाली. “आजच देते.”

“का? कुठं आहे ते?”

“गाडीच्या डिकीत.”

“आण.”

“कशाला?”

“मला बघू दे की. एवढं दुबईचं हाय तर.”

तिनं आणलं. उस्तादांच्या डोक्यावर चढवलं, मागचा पट्टा आवळला. पिस्तुलातला छर्रा काढला, नळीखाली सेन्सर बसवला, रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला. सत्तरीच्या घरातला तो माणूस, पांढरी दाढी, डोळ्यांवर काळा डबा, तोंड पाण्याच्या पिंपाकडे. पडद्याआडून हमीदाचाचींनी डोकावलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत पळाल्या.

“अरे वा!” उस्ताद म्हणाले. “टोपडं भारी आहे की. पंखे हायत, दिवे हायत. माणसंपण बसल्यात.”

“मारा.”

त्यांनी हात उचलला. त्यांचा हात आता थरथरत असे. पण थरथरतो म्हणून ते काही लाजत नसत. चाप ओढला.

केतकीनं मोबाइलवर पाहिलं. मशीनमध्ये जे घडे ते तिथेही दिसे. पाच.

“असू दे उस्ताद,” ती चटकन म्हणाली. “पहिलाच होता. बटण दाबा.”

“कुठलं?”

“अंगठ्याखालचं.”

त्यांनी दाबलं. मोबाइलवरचा पाच गेला. निशाण कोरं झालं.

उस्ताद तसेच उभे. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. खाली वाकून जमिनीकडेही पाहिलं.

“काय शोधताय?”

“तो गेला कुठं?”

“कोण?”

“पाच.”

“पुसला गेला.”

“हां. पण गेला कुठं?”

केतकीला हसू आलं. आज पहिल्यांदाच आलं. “कुठं जाणार? नव्हताच तो. म्हणजे आता असं समजायचं, की तो नव्हताच.”

उस्तादांनी हेडसेट काढला. केस विस्कटलेले, डोळे दिव्यांनी दिपलेले. ते तिच्याकडे बघत राहिले.

“मी तर मारला,” ते म्हणाले.

...

केतकीचं हसू ओठांवरच राहिलं.

पलीकडचे माग पुन्हा सुरू झाले. त्या आवाजाबरोबर तिची भीतीही परत आली, आणि या वेळी त्या भीतीला नावगाव होतं. आतापर्यंत नुसतं काहीतरी बिघडलंय एवढंच माहीत होतं. आता काय बिघडलंय ते कळलं होतं आणि वेळ उरला नव्हता.

“उस्ताद, रविवारपर्यंत हा अंगठा थांबेल?”

“न्हाई.”

इतकं सरळ उत्तर तिला नको होतं.

“मग बांधून टाकू? चिकटपट्टी लावते. हात खिशातच घालत नाही, कंबरपट्ट्यात अडकवते.”

“अडकव.”

“उपयोग होईल?”

“न्हाई.”

“मग मी करू काय!” तिचा आवाज फाटला. “तुम्हाला काय जातंय ‘न्हाई’ म्हणायला? माझं सगळं संपतंय रविवारी. मला दुसरं काही येत नाही हो. बाबांना वाटतं हा छंद आहे. मला... मला रात्रंदिवस हेच दिसतं. हात वर जातो आणि खालीच येतो.”

ती रडू लागली. उस्तादांनी रडू दिलं. पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि तिनं जागेवर सांडलेले छर्रे ते एकेक करून डबीत भरू लागले.

तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाले, “रविवारी किती वाजता हाय?”

“दहाला.”

“येतो मी.”

“तुम्ही? पुण्याला?”

उस्ताद इचलकरंजी सोडून कधी कुठे जात नसत. लग्नकार्यालासुद्धा हमीदाचाची एकट्या जात.

“आणि तोपर्यंत मी काय करू?”

“चपाती खाऊन जा,” उस्ताद म्हणाले. “हमीदानं तुझी धरून मोजून केल्यात.”

शुक्रवारी ती आली. उस्तादांनी तिला नुसते छर्रे मारायला लावले. शनिवारी म्हणाले, आज पिस्तूल बघू नकोस. तिनं बघितलं नाही, पण अंगठ्याकडे मात्र दिवसभर बघत होती. भाकरी मोडताना बघितलं. केस विंचरताना बघितलं. आईनं विचारलं, अंगठ्याला लागलंय का ग? ती म्हणाली, नाही.

रविवारी ती पुण्याच्या रेंजवर पोचली. मोठा हॉल. दिव्यांच्या रांगा, मागे खुर्च्या, शेजारी शेजारी उभे राहिलेले नेमबाज. सगळं तिच्या मशीनमध्ये दिसायचं तसंच. फक्त इथे लोकांच्या घामाचा आणि तेलाचा वास येत होता आणि कुणीतरी सारखं खोकत होतं.

उस्ताद मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ पांढरा झब्बा, मांडीवर जेवणाचा डबा. तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली नाही की हात केला नाही.

आधी सरावाचे छर्रे. ते मोजत नाहीत. केतकीनं धडाधड मारले. दहा, दहा, नऊ, दहा. शेजारच्या नाशिकच्या मुलीनं एकदा तिच्या गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे वळून पाहिलंसुद्धा. न मोजायच्या छर्ऱ्यांत केतकी मगदूमचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं.

मग घोषणा झाली. आता मोजायचे. साठ छर्रे, सव्वा तास.

हात वर गेला. खिशात अंगठा हलला. हात खाली.

वर. खाली.

शेजारून फट् आवाज आला. पलीकडून आला. सगळ्या ओळीभर फट् फट् सुरू झालं. केतकीच्या पडद्यावर मात्र एकही आकडा नव्हता. कोरं, स्वच्छ निशाण.

वर. खाली.

तिनं पिस्तूल ठेवलं, हात झाडले, पाणी प्यायली. पुन्हा उचललं. नाशिकच्या मुलीची पहिली दहाची फेरी संपत आली होती. मागे बसलेल्यांत कुजबूज सुरू झाली आहे आणि ती आपल्याबद्दलच आहे, असं केतकीला वाटलं. कदाचित नसेलही. पण अशा वेळी माणसाला सगळं आपल्याबद्दलच वाटतं.

हात वर. माशी गोलाखाली. सरकली. अंगठा दाबला गेला. तिला तो दाबला गेलेला कळला. हात खाली येऊ लागला...

आणि तिनं तो येऊ दिला नाही. कसा धरला देव जाणे. खांदा जळत होता, माशी कुठल्या कुठे गेली होती. हे वाईट जाणार आहे हे तिला गोळी सुटायच्या आधीच कळलं. तरी तिनं चाप ओढला.

फट्.

सहा.

अंगठा खिशात पुन्हा दाबला गेला. पुन्हा दाबला. पुन्हा. कापडावर नख लागून लागून दुखलं. पडद्यावरचा सहा जागचा हलला नाही.

सहा! निवड होणाऱ्या मुलीच्या साठ छर्ऱ्यांत एक आठ आला तरी ती चुकचुकते. आणि हिची सुरुवातच सहा. तिनं पिस्तूल मोकळं करून टेबलावर ठेवलं, ते रिकामं आहे हे दिसावं म्हणून नळीत सुरक्षेची दोरी घातली, हात वर करून रेंज ऑफिसरची परवानगी घेतली आणि मागे आली. नियमात तेवढं बसतं. जागा सोडून प्रशिक्षकाशी बोलता येतं, घड्याळ तेवढं थांबत नाही.

उस्ताद उठून कठड्यापाशी आले.

“सहा गेला,” ती म्हणाली.

“दिसला.”

“पहिलाच.”

“हो.”

“उस्ताद, मी बाहेर पडते.” ती भराभर बोलू लागली, कुणी अडवायच्या आत सगळं सांगून टाकावं तशी. “तब्येत बरी नाही म्हणून सांगते. चक्कर आली म्हणते. खोटं पण नाही ते, खरंच गरगरतंय. मग निकालात नाव लागतच नाही, आज मी खेळलेच नाही असं होतं. बाबांना तसंच सांगेन. आजारी पडले, मग काय करणार? ते एक संधी परत देतील. देतीलच. आणि या वेळी मी मशीनला हातसुद्धा लावणार नाही. रोज तुमच्याकडे येईन. अगदी पहिल्यापासून सगळं पुन्हा...”

ती थांबली.

आपण काय म्हणालो ते तिला ऐकू आलं होतं.

...

उस्ताद तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. ओळीतल्या सगळ्या पडद्यांवर आकड्यांची गर्दी झाली होती. केतकीच्या पडद्यावर एकच.

घड्याळ पुढे चाललं होतं. रेंज ऑफिसरनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. केतकीचा डावा हात अजून खिशातच होता आणि ती रडायची राहिली होती ती केवळ लोक बघतायत म्हणून.

“सांगा ना,” ती म्हणाली. “बाहेर पडू?”

उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड पुन्हा पडद्याकडे वळवून दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“जा पोरी. तो सहा तिथं एकटाच हाय.”